जुना खेळ, नवी पाटी

नव्वदच्या दशकात ज्यांच्या घरी टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता, त्यांना ‘सुपर मारिओ’तले ते कासव नक्की आठवत असेल. तिसऱ्या जगाच्या पहिल्या टप्प्यात, अगदी शेवटी, पायऱ्यांवरून कासवे उतरत येतात. त्यातल्या एकावर नेमक्या जागी उडी साधली, की ते पायरीला आपटून परत मारिओच्या पायाखाली येते. पुन्हा उडी, पुन्हा आपटणे. थोड्या वेळाने प्रत्येक उडीला एक ‘लाइफ’ वाढू लागते. गल्लीतला एखादा पटाईत पोरगा असा लाइफचा ढीग जमवायचा. पण हाव जास्त झाली की भलतेच घडायचे. एवढी शिल्लक हाती असताना मारिओ एकदाच मेला, की थेट ‘गेम ओव्हर’. सगळी कमाई मातीमोल.

असे का होते, हे त्या वेळी कुणालाच सांगता यायचे नाही, कारण खोके बंद होते. आत काय चालले आहे, ते पाहण्याची सोय नव्हती. आज ती सोय एटीएम कार्डाएवढ्या एका बोर्डावर झाली आहे. ‘रास्पबेरी पाय’ हे त्या बोर्डाचे नाव. त्यावर जुन्या गेमचे यंत्र घरच्या घरी उभारता येते आणि सुट्टीतल्या एखाद्या शनिवार-रविवारी हे काम होऊ शकते. मात्र त्यातून फक्त जुने गेम मिळणार असतील, तर खरी गंमत हुकलीच. ते का, हे समजण्यासाठी एका चिपची गोष्ट आधी पाहू.

एकच चिप, दोन खोकी

१९७५ मध्ये अमेरिकेतल्या मॉस टेक्नॉलॉजी या कंपनीने ‘६५०२’ नावाचा प्रोसेसर अवघ्या २५ डॉलरना बाजारात आणला. प्रोसेसर इतका स्वस्त झाल्याने घरगुती संगणक सामान्यांच्या आवाक्यात आला. ब्रिटनमध्ये केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने ही चिप वापरून १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ हा संगणक काढला. तो शाळाशाळांत पोहोचला. भारतातही १९८४ मध्ये सुरू झालेल्या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पात, म्हणजे ‘क्लास’ योजनेत, हाच संगणक मुलांसमोर आला. तो सुरू केला की पडद्यावर काहीच ‘चालू’ होत नसे. नुसता कर्सर लुकलुकत राही आणि तुमच्या आज्ञेची वाट पाही. वापरायचा असेल तर आज्ञा लिहायला शिकणे भागच होते.

त्याच चिपच्या कुळातली दुसरी चिप जपानमध्ये वेगळ्या खोक्यात गेली. निन्तेंदोने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिकॉम’ हा गेम बाजारात आणला. त्याच्या मेंदूत ६५०२ चाच थोडा बदललेला अवतार होता. हे यंत्र मात्र आज्ञेची वाट पाहत नसे. कॅसेट खोचा, बटण दाबा, खेळा. आपल्याकडे समुराई, मीडिया अशा नावांनी जे व्हिडिओ गेम घरोघरी आले, ते याच फॅमिकॉमच्या नकला होत्या. म्हणजे एका कुळातल्या चिपने एका खोक्यात मुलांना लिहायला लावले, तर दुसऱ्यात फक्त खेळवले.

पुढे दुसऱ्या खोक्याची सरशी झाली. घरात आज्ञा लिहायला लावणारे संगणक मागे पडले आणि त्यांची जागा गेमच्या कन्सोलनी व तयार प्रोग्रॅम चालवणाऱ्या पीसींनी घेतली. २००० नंतर त्याचा परिणाम केंब्रिज विद्यापीठात दिसू लागला. संगणकशास्त्राला अर्ज करणारे विद्यार्थी घटले होते आणि जे येत होते, त्यांचा स्वतः काही प्रोग्रॅम लिहून पाहण्याचा सराव कमी झाला होता. एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हे खटकले. मुलाला बिनधास्त मोडता-जोडता येईल असा स्वस्त संगणक हवा, या विचारातून रास्पबेरी पाय जन्मला. २९ फेब्रुवारी २०१२ रोजी ३५ डॉलरचा पहिला बोर्ड विक्रीला आला आणि त्याच दिवशी विक्रेत्यांच्या वेबसाइट गर्दीने कोलमडल्या. या बोर्डावरचा ‘आर्म’ प्रोसेसरही मूळचा केंब्रिजचाच. बीबीसी मायक्रो काढणाऱ्या एकॉर्नमध्येच १९८५ मध्ये पहिली आर्म चिप तयार झाली होती.

आज याच बोर्डाचा एक अतिशय लोकप्रिय उपयोग आहे जुन्या गेमचे कन्सोल बनवण्याचा. ज्या कन्सोलमुळे मुलांचे आज्ञा लिहिणे सुटले, तेच कन्सोल आता लिहायला शिकवणाऱ्या संगणकावर येऊन बसले आहे. यातून शिकणे होईल की नुसते खेळणे, हे यंत्र उभारणाऱ्यावर अवलंबून आहे.

एका यंत्राने दुसऱ्याचे सोंग घेणे

जुन्या गेमच्या आज्ञा जुन्या चिपच्या भाषेत लिहिलेल्या असतात. नव्या बोर्डावरच्या आर्म चिपला ती भाषा कळत नाही. म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. त्याला ‘एम्युलेटर’ म्हणतात. तो गेममधली एक आज्ञा उचलतो, तिचा अर्थ लावतो, मूळ चिपने जे केले असते तेच कागदोपत्री करून दाखवतो आणि पुढच्या आज्ञेकडे वळतो. हे सेकंदाला लाखो वेळा चालते. चित्र काढणारी चिप, आवाज काढणारा भाग, गेमपॅडची बटणे या सगळ्यांची सोंगे त्याला एकाच वेळी आणि ताल न चुकवता वठवावी लागतात. मूळ यंत्र सेकंदाला सुमारे ६० चित्रे दाखवत होते, तेव्हा प्रत्येक चित्रासाठी दुभाष्याच्या हाती सेकंदाचा साठावा भाग असतो.

एक यंत्र दुसऱ्याचे सोंग घेऊ शकते, ही कल्पना गेमपेक्षा खूप जुनी आहे. अॅलन ट्युरिंग यांनी १९३६ मध्येच दाखवून दिले होते, की योग्य आज्ञा दिल्या तर एकच यंत्र इतर कोणत्याही गणनयंत्राचे काम करू शकते. साठच्या दशकात आयबीएमने नवे संगणक आणले, तेव्हा ग्राहकांचे जुने प्रोग्रॅम वाया जाऊ नयेत म्हणून हीच युक्ती वापरली.

सोंग मात्र महागात पडते. फॅमिकॉमची चिप सेकंदाला सुमारे १७ लाख ९० हजार ठोके टाकायची. रास्पबेरी पाय ४ या बोर्डातला प्रोसेसर दीडशे कोटी ठोके टाकतो आणि त्यात असे चार गाभे आहेत. म्हणजे जुन्या यंत्राच्या एका ठोक्यामागे नव्या यंत्राच्या एका गाभ्याला आठशेहून अधिक ठोके मिळतात. एवढी मोकळीक असते, म्हणूनच हा छोटा बोर्ड ते सोंग सहज पेलतो. मूळ यंत्र जितके अलीकडचे आणि गुंतागुंतीचे, तितकी ही मोकळीक कमी होत जाते. त्यामुळे ऐंशी-नव्वदच्या दशकातले गेम लोण्यासारखे चालतात आणि नंतरचे काही अडखळतात.

त्या काळच्या कारागिरीचा अंदाज यावा म्हणून एक तुलना पाहा. ‘सुपर मारिओ’चा अख्खा गेम, म्हणजे सगळे टप्पे, चित्रे आणि संगीत, ४० किलोबाइटमध्ये मावले होते. संगणकात देवनागरीच्या एका चिन्हाला सहसा तीन बाइट लागतात. त्या हिशेबाने तुम्ही वाचत असलेला हा एक लेखच साधारण तेवढी जागा खातो. जागा वाचवण्यासाठी मारिओतले ढग आणि झुडपे यांना एकच आकृती वापरली आहे, फक्त रंग वेगळा. पुढच्या वेळी नीट पाहा.

जमवाजमव

साहित्य फार नाही. एक रास्पबेरी पाय ४ बोर्ड, त्याचा ५ व्होल्ट-३ अँपिअरचा अॅडॉप्टर, ३२ जीबीचे चांगले मायक्रो एसडी कार्ड, बोर्डाच्या बाजूला छोटे टोक असलेली मायक्रो एचडीएमआय केबल, यूएसबी गेमपॅड आणि एक डबी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन हे सगळे मिळते. डबीसाठी जुना जेवणाचा प्लॅस्टिक डबाही चालतो. हवेसाठी भोके मात्र पाडावीत.

पहिले काम कार्डाचे. दुसऱ्या संगणकावर ‘रास्पबेरी पाय इमेजर’ हा मोफत प्रोग्रॅम घ्यायचा. त्यात खेळांच्या प्रणालींचा वेगळा विभाग आहे. त्यातून ‘रेट्रोपाय’ निवडून कार्डावर लिहायची. कार्डावर आधीचे जे असेल ते पुसले जाते, हे ध्यानात ठेवा. कार्ड बोर्डात घालून टीव्ही जोडला आणि वीज दिली, की थोड्या वेळात पडद्यावर गेमपॅड ओळखण्याची पाटी येते. पॅडवरचे कोणतेही बटण दाबून धरायचे आणि मग विचारेल तसे एकेक बटण दाखवत जायचे. गेमच्या फाइली पेन ड्राइव्हवरून किंवा घरच्या वायफायवरून कार्डात टाकता येतात.

बहुतेकांचे घोडे तीन ठिकाणी अडते. पहिले कारण वीज. मोबाइलचा जुना चार्जर जोडला की बोर्ड चालू तर होतो, पण पडद्याच्या कोपऱ्यात विजेचे छोटे चिन्ह दिसते आणि गेम मध्येच रखडतो. व्होल्टेज कमी पडत असल्याची ती सूचना असते. बारीक, लांब केबलही त्याला कारण ठरते. दुसरे कारण उष्णता. चिप ८० अंश सेल्सिअसवर गेली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात चिपवर अॅल्युमिनियमची छोटी पट्टी, म्हणजे हीट सिंक, आणि जमल्यास बारीक पंखा लावलाच पाहिजे. तिसरे कारण आपली सवय. टीव्ही बंद करतो तसे थेट बटण खटकन बंद केले आणि नेमके तेव्हा कार्डावर काही लिहिले जात असेल, तर कार्ड बिघडते. आधी मेनूतून यंत्र बंद करायचे, मग वीज.

हौस असेल त्यांना बटणेही स्वतः जोडता येतात. बोर्डाच्या कडेला ४० पिना आहेत. एकीवर बटण जोडले, की दाबल्याचा संकेत संगणकाला मिळतो. इथे एक नियम कधी मोडू नये. या संकेताच्या पिना ३.३ व्होल्टच्या आहेत, त्यांना ५ व्होल्ट लावले तर बोर्ड जळू शकतो. आणखी एक इशारा. जुना, पाठीमागे फुगीर टीव्ही वापरायचा असेल तर जरूर वापरा, पण त्याचे झाकण उघडू नका. त्याच्या काचेच्या नळीत हजारो व्होल्टचा भार वायर काढल्यावरही साठून राहू शकतो.

बंदूक का चालत नाही?

सगळे जमले तरी एक गोष्ट नव्या टीव्हीवर चालत नाही, ती म्हणजे बदके टिपण्याची बंदूक. त्यामागचे कारण मजेदार आहे. लहानपणी वाटायचे, बंदुकीतून काही तरी निघते आणि टीव्हीवर आदळते. प्रत्यक्षात उलटे होते. बंदुकीत फक्त प्रकाश टिपणारा डोळा असतो. चाप ओढला, की पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तर नेम बरोबर. दोन बदके असतील तर चौकोन एकामागून एक उमटतात आणि उजेड कितव्या वेळी दिसला, त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते.

हा सगळा डाव वेळेवर उभा आहे. जुन्या टीव्हीत संकेत आला की त्याच क्षणी पडदा उजळत असे. आजचा टीव्ही प्रत्येक चित्र आधी साठवतो, त्यावर प्रक्रिया करतो आणि मग दाखवतो. बंदूक पाहते तेव्हा पांढरा चौकोन अजून यायचा असतो. हाच उशीर उड्या मारतानाही जाणवतो. म्हणून नव्या टीव्हीच्या सेटिंगमधला ‘गेम मोड’ सुरू करावा. त्यात टीव्ही चित्रावरचे बरेचसे संस्कार वगळतो आणि उशीर कमी होतो.

कासवाचे कोडे

आता त्या ‘गेम ओव्हर’कडे वळू. फॅमिकॉमकडे कामासाठी अवघी २ किलोबाइट मेमरी होती, म्हणजे २,०४८ कप्पे. रेट्रोपायसोबत येणाऱ्या रेट्रोआर्च या प्रोग्रॅममध्ये हे कप्पे शोधण्याची सोय आहे. लाइफ किती आहेत ते बघायचे, एक गमवायची आणि कोणत्या कप्प्यातला आकडा एकाने कमी झाला, ते विचारायचे. असे दोन-चार वेळा केले की एकच कप्पा उरतो. ‘सुपर मारिओ’त तो १,८८२ क्रमांकाचा आहे. त्यातला आकडा बदलला की लाइफ बदलतात.

एका कप्प्यात ० पासून २५५ पर्यंतचा आकडा मावतो. पण ऋण संख्या दाखवायच्या असतील, तर यातला वरचा निम्मा भाग त्यांना द्यावा लागतो. मग १२७ पर्यंतचे आकडे धन आणि १२८ पासून पुढचे ऋण धरले जातात. मारिओ मेला की गेम या कप्प्यातून एक वजा करतो आणि उत्तर ऋण आहे का, एवढेच बघतो. ऋण म्हणजे लाइफ संपल्या. समजा कासवाच्या कृपेने नोंद १३५ वर गेली आहे. एक वजा जाऊन १३४ उरले. आपल्या दृष्टीने ही मोठी शिल्लक आहे. चिपच्या लेखी मात्र तो आकडा उणे १२२ आहे. खेळ खलास! इतक्या लाइफ कुणी जमवील, हे त्या तपासणीत धरलेलेच नव्हते.

एखाद्या आठवी-नववीतल्या मुलीने हा कप्पा स्वतः शोधून त्यात १३५ लिहून पाहिले, तर बाइट, ऋण संख्या आणि प्रोग्रॅममधली चूक या तीन गोष्टी तिला एका बैठकीत कळतात. त्याही फळ्यावर नव्हे, हाताखाली.

गेम आणायचे कुठून?

एम्युलेटर बनवणे किंवा वापरणे यात गैर काही नाही. अमेरिकेत सोनी विरुद्ध कनेक्टिक्स या खटल्यात २००० साली अपील न्यायालयाने, एम्युलेटर तयार करण्यासाठी मूळ यंत्राचा अभ्यास करताना केलेली नक्कल ‘वाजवी वापर’ ठरवली होती. प्रश्न गेमचा आहे. त्यांच्यावर कॉपीराइट असतो आणि गेम जुना झाला म्हणून तो आपोआप संपत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातले ५२ वे कलम, ज्याच्याकडे प्रोग्रॅमची वैध प्रत आहे त्याला सुरक्षेसाठी राखीव प्रत काढू देते. इंटरनेटवरून फुकट उतरवलेल्या फाइलींना हे संरक्षण नाही. ‘दहा हजार गेमसह तयार’ म्हणून विकल्या जाणाऱ्या डब्यांपासून त्यामुळे लांब राहिलेले बरे. तसेही दहा हजार गेम कुणी खेळत नाही. मुले यादीच चाळत बसतात.

कायदेशीर वाटाही आहेत. ‘केव्ह स्टोरी’ हा सुंदर जपानी गेम २००४ मध्ये त्याच्या एकट्या निर्मात्याने मोफत दिला. ‘बिनीथ अ स्टील स्काय’ हा १९९४ चा साहसी खेळही २००३ पासून मोफत आहे. ‘डूम’च्या निर्मात्यांनी तर १९९७ मध्ये त्याचा सोर्स कोडच खुला केला. आजही अनेक हौशी मंडळी जुन्या यंत्रांसाठी नवे गेम लिहितात आणि खुशाल वाटतात.

पण या प्रश्नाला दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार, तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात अधिकृतपणे मिळतच नाहीत. मूळ यंत्रे गंजत चालली आहेत. ती बंद पडली, की त्यांच्यावरचे काम पाहण्याचा एकच मार्ग उरेल, तो म्हणजे एम्युलेटर. जुन्या फ्लॉपीवरच्या दस्तऐवजांनाही हेच लागू आहे.

किती वेळ?

आरोग्याचे भान सुटता कामा नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात जानेवारी २०२२ पासून ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्यापेक्षा खेळ महत्त्वाचा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, ही त्याची लक्षणे. ती साधारण वर्षभर टिकली तर निदान केले जाते. जुन्या गेममध्ये मोबाइलसारखी ‘आजचे बक्षीस घ्या’ अशी हाक नसते, मध्येच पैसे मागणे नसते आणि बहुतेकांना शेवट असतो. तरीही पडदा तो पडदाच. टीव्हीपासून अंतर ठेवावे, दर वीस मिनिटांनी नजर लांबवर न्यावी. मुलांनी रोज बाहेर उजेडात खेळल्याने लघुदृष्टीचा धोका कमी होतो, असे अभ्यासांतून दिसले आहे. संध्याकाळच्या मैदानाला हा गेम पर्याय ठरू नये. लुकलुकत्या प्रकाशाने झटके येण्याचा त्रास घरात कुणाला असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असे गेम लावू नयेत.

शेवटी एक साधी सूचना. कार्ड घेताना एक नव्हे, दोन घ्या. दुसऱ्यावर रास्पबेरी पायची नेहमीची प्रणाली टाका. खेळाचे कार्ड काढून ते घातले, की तोच बोर्ड पूर्ण संगणक होतो आणि त्यावर पायथन या भाषेत प्रोग्रॅम लिहिता येतो. सुरुवातीला पडद्यावर एक ठिपका आणा, मग तो बाणाच्या बटणांनी हलवा, मग त्याला उडी मारायला शिकवा. तीन-चार रविवारांत मुलांचा स्वतःचा खेळ उभा राहू लागेल. त्यात लाइफ किती ठेवायच्या आणि त्या जास्त झाल्या तर काय करायचे, हे या वेळी त्यांनाच ठरवावे लागेल.